एका 'सेट'पायी माझी अकरा क्रियापदं परत आली

मोरपंखी_पान

मी घरून अनुवादाची कामं करते. कविता-कादंबऱ्या नव्हेत, माहितीपुस्तिका. मिक्सर, गिझर, बाळाची ढकलगाडी, असलं काहीही. गेल्या आठवड्यात एका विजेच्या ओव्हनची पुस्तिका आली. बारा पानं. त्यात 'सेट' हा शब्द कुठेकुठे आहे ते मी पेन्सिलीने गोल करत गेले, आणि शेवटी ते पान गोवर आल्यासारखं दिसायला लागलं.

ओव्हन सपाट ओट्यावर 'सेट' करा. मी लिहिलं, ठेवा. वेळ 'सेट' करा : लावा. रबराची कड खाचेत 'सेट' करा : बसवा. पीठ मळून अर्धा तास 'सेट असाइड' करा : झाकून बाजूला ठेवा. कस्टर्ड 'सेट' होऊ द्या : घट्ट होऊ द्या. सोबत तीन जाळ्यांचा 'सेट' आहे : सोबत तीन जाळ्या आहेत, झालं. धूर झाल्यास घंटा 'सेट ऑफ' होईल : वाजू लागेल. कागदाला आग 'सेट' होऊ शकते : कागद पेट घेईल. असं करत अकरा ठिकाणी अकरा तऱ्हा झाल्या आणि मी स्वतःवर खूश होऊन फाइल पाठवून दिली.

परत आली. काम तपासणाऱ्या बाईंचा शेरा असा की एका शब्दाला एकच प्रतिशब्द हवा, आमच्या शब्दयादीत सेट म्हणजे 'सेट करा' आहे, तोच सगळीकडे वापरावा.

म्हणजे आता कस्टर्ड सेट करा, कड सेट करा, पीठ बाजूला सेट करा. वाचणाऱ्याला कळेल, नाही असं नाही. पण मग मला पैसे कशाचे देतात? हा शब्द इंग्रजीत इतकी कामं कशी काय करतो, आणि आपल्याकडे त्याच्या जागी कायकाय आहे, हे जरा मिळून बघू या का? मला त्या बाईंना उत्तर लिहायचं आहे आणि ते भांडणासारखं वाटायला नको आहे.

शं_का

या शब्दाची ख्यातीच तशी आहे. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीची दुसरी आवृत्ती १९८९ मध्ये वीस खंडांत आली. तिच्यात सर्वांत लांब नोंद 'सेट' या क्रियापदाची. नुसत्या क्रियापदाचे ४३० अर्थ, आणि त्याला शेपट्या जोडून होणारे शब्दप्रयोग धरले तर ५८० च्या घरात. ती एक नोंद साधारण ६०,००० शब्दांची आहे. आपल्याकडच्या बऱ्याच कादंबऱ्या त्याहून लहान असतात.

पुढे तिसऱ्या आवृत्तीचं काम सुरू झाल्यावर 'सेट'चं सिंहासन गेलं. आधी 'मेक' पुढे गेला, मग 'पुट', आणि २०११ मध्ये 'रन'. त्या क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदले आहेत आणि ते लावण्यात एका संपादकाचे नऊ महिने गेले.

मोरपंखी_पान

नऊ महिने! मला एका पुस्तिकेला चार दिवस देतात.

वरणफळ

पान ताई, तुमच्या त्या बाईंना एकदा आमच्या स्वयंपाकघरात पाठवा. घट्ट होण्यालाच आपल्याकडे किती शब्द आहेत बघा. दही लागतं. तूप थिजतं. पाणी गोठतं. पिठलं आळतं. बासुंदी आटते, ती घट्ट होते पण ते 'सेट' होणं नव्हे. वडी पडते, म्हणजे पडली तर पडते, नाहीतर चमच्याने खावी लागते. रक्त साकळतं (हे स्वयंपाकघरातलं नाही, पण विळीवर बसलं की असतंही). यातलं एकही दुसऱ्याच्या जागी चालत नाही. 'दही थिजलं' म्हणून बघा घरी. सासूबाई चष्म्यावरून बघतील.

आता दुकानात 'सेट दही' म्हणून प्लास्टिकच्या वाटीत मिळतं. ज्या भांड्यात विरजण लावलं त्याच भांड्यात ते विकतात एवढाच त्याचा अर्थ. म्हणजे आपलं रोजचं दहीच. आमच्या घरी आजन्म सेट दहीच होतं हे मला साठीत कळलं.

गवंडीकाम_चालू

साइटवर आहे, थोडक्यात लिहितो. आमच्याकडे 'सेट होणे' आणि 'कडक होणे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तिथे घोळ घातला तर स्लॅब उतरतो. सिमेंटमध्ये पाणी पडलं की काही वेळाने माल हलवता येईनासा होतो, ते सेटिंग. साध्या सिमेंटला त्याची सुरुवात ३० मिनिटांच्या आत होता कामा नये आणि ६०० मिनिटांत ते पूर्ण व्हायला हवं, असं भारतीय मानक सांगतं. ताकद मात्र पुढे कितीतरी दिवस वाढत राहते. घाई होऊ नये म्हणून कारखान्यातच सिमेंटमध्ये जिप्सम घालतात.

आणि हे वाळणं नाही! लोकांना वाटतं ऊन लागलं की सिमेंट पक्कं होतं. ते पाण्याशी संयोग होऊन पक्कं होतं, म्हणून तर आम्ही वरून पाणी मारत बसतो. तेव्हा इथे मी 'सेट'च म्हणणार. माझा मिस्त्रीही तेच म्हणतो, आणि त्याला इंग्रजी येत नाही.

सांगोल्याचा_गडी

मिस्त्रीचं सोडा, आमच्याकडं तर देवाच्या हातात 'सेटिंग' असतंय.

डाळिंबवाला विचारतो, "काय दादा, सेटिंग कसं काय?" म्हणजे बहार धरला, बागेला ताण दिला, पानगळ केली, पाणी सोडलं, कळी निघाली, आता त्या कळीतनं फळ किती धरलं ते विचारतोय. डाळिंबाला नर कळी बी येती आणि फळ धरणारी बी येती. नर गळून जाती. ऐन कळीत पाऊस आला की सेटिंग गेलं. मधमाशी नसंल तरी सेटिंग कमी. म्हातारी माणसं 'फळ धरलं' म्हणायची, आता पोरं 'सेटिंग झालं' म्हणत्यात. दोन्हींत पैसं तेवढंच मिळत्यात.

आणि दुसरं सेटिंग तालुक्याच्या ठिकाणी असतंय. ते सगळ्यांना म्हाईत हाय.

मोरपंखी_पान

दादा, दुसऱ्या सेटिंगला मराठीत शब्दांचा तोटा नाही. साटंलोटं, वशिला, संधान, आतून जुळवाजुळव. इंग्रजीत मात्र 'सेटिंग' या शब्दाला हा अर्थच नाही! तो आपण इथे घडवला. म्हणजे त्या ४३० मध्ये आपला एक वाढवा.

खिळेजुळारी

तुमच्या यादीत आमचा व्यवसाय राहिला म्हणून लिहितो. मी छापखान्यात चौतीस वर्षं काढली, त्यातली पहिली सतरा खिळ्यांवर, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांवर. इंग्रज ज्याला 'टाइप सेट करणे' म्हणतो त्याला आम्ही 'जुळवणे' म्हणायचो. काम जुळणी, काम करणारा जुळारी. हातात स्टिक (खिळे ओळीत लावायची पट्टी), समोर केस (खिळ्यांच्या घरांची पेटी), एकेक खिळा उचलून उलटा लावायचा. अक्षर आरशातल्यासारखं उलटं असतं, त्यामुळे आम्हाला उलटं वाचायची सवय लागते. अजूनही पाटी मागून वाचता येते मला, काचेच्या दाराची.

इंग्रजीला छोटी-मोठी मिळून दोन केसांत काम भागतं. देवनागरीला काना, मात्रा, वेलांट्या, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं मिळून शेकड्यांनी खिळे. घरं पाठ व्हायला वर्ष जायचं. छापून झालं की खिळे सोडवायचे, म्हणजे परत ज्याच्या त्याच्या घरात टाकायचे. ते काम नव्या पोराला.

खिळे गेले, ऑफसेट आलं (हाही तुमचा सेटच), संगणक आला. पण कुठलंही मराठी पुस्तक उघडा आणि सुरुवातीचं बारीक अक्षरांतलं पान बघा. तिथे अजून 'अक्षरजुळणी' असंच छापतात. आता कुणी काही जुळवत नाही, तरी शब्द आहे तिथेच आहे. 'अक्षर सेट' असं कुणी लिहिलेलं मी पाहिलं नाही.

थर्ड_अंपायर

काका, प्रतिसाद जपून ठेवतोय.

माझी भर : क्रिकेटमध्ये 'सेट बॅट्समन'ला जुने समालोचक 'जम बसलेला फलंदाज' म्हणत. काय शब्द आहे! सेट म्हटलं की तो नुसता उभा आहे असं वाटतं, जम बसला म्हटलं की त्याचे पाय दिसतात. व्यायामशाळेत तीन सेट 'मारतात', व्हॉलीबॉलमध्ये सेटर चेंडू 'उचलून' देतो, टेनिसचा सेट तसाच ठेवावा लागतो, त्याला 'डाव' म्हटलं तर गेमला काय म्हणणार?

शं_का

थर्ड अंपायर यांनी नकळत कळीच्या जागी बोट ठेवलं. 'बसलेला'.

इंग्रजीत 'सिट' म्हणजे बसणे आणि 'सेट' म्हणजे मुळात बसवणे. जुन्या इंग्रजीत 'सेटन' हे 'सिटन'चं प्रयोजक रूप होतं. आपण मरणे-मारणे, पडणे-पाडणे, बसणे-बसवणे करतो तसंच. इंग्रजीत ही यंत्रणा मोडून पडली, तिचे थोडे अवशेष राहिले : लाय-ले, राइज-रेझ, फॉल-फेल (झाड पाडणे या अर्थी), आणि सिट-सेट. आज इंग्रज माणसाला विचारलं तर हे दोन शब्द मायलेक आहेत असं त्याच्या चटकन ध्यानात येणार नाही. आपल्याला मात्र 'बसव' म्हटलं की 'बस' ऐकू येतंच.

याचं संस्कृत भावंडही आहे. सद् हा धातू, बसणे. त्याचं प्रयोजक 'सादयति'. 'सेट' आणि 'सादयति' ही एकाच प्राचीन रूपाची दोन टोकं. सदन, संसद, परिषद, सभासद, उपनिषद हे सगळे त्याच घरातले.

दात_कोरणं

म्हणजे मराठी 'बसणे' पण सद् वरूनच?

शं_का

नाही. तो मोह टाळा. आपलं 'बसणे' हे 'उपविशति' वरून आलं, धातू विश्. जुन्या मराठीत 'बैसणे' दिसतं ते त्याचंच मधलं रूप. अर्थ एक, कुळं वेगळी.

आणखी एक गंमत. 'टी-सेट', 'दागिन्यांचा सेट', गणितातला 'सेट', हा जो समूह या अर्थाचा शब्द आहे, तो मुळात निराळा. तो जुन्या फ्रेंचमधून आला, लॅटिन 'सेक्टा'वरून, म्हणजे अनुयायांचा पंथ. 'सेक्ट' हा शब्द तोच. 'सेक्टा'च्या मागे 'पाठोपाठ जाणे' हा धातू मानतात, आणि त्याचं संस्कृत नातं 'सच्', सोबत असणे, ज्यावरून 'सचिव'. इंग्रजीत हे दोन ओहोळ एकत्र वाहू लागले आणि आता पाणी वेगळं करता येत नाही. कप सेट करणे यातला सेट संसदेचा नातलग, कपांचा सेट यातला सेट सचिवाचा.

दात_कोरणं

आणि दोघे मिळून कारभार बघतात. बरोबर आहे.

मोरपंखी_पान

शं_का, हे मला हवंच होतं! म्हणजे मी बाईंना लिहू शकते की तुमचा 'सेट' एक शब्दच नाही, दोन आहेत, आणि तुमची शब्दयादी दोघांना एकाच खुंटीला बांधते.

आणि ते 'बसवणे'. मी कालपासून मोजतेय. हाड बसवतात, अंगठीत खडा बसवतात, नाटक बसवतात, गाण्याला चाल बसवतात, घडी बसवतात, नवरात्रात घट बसवतात, घरोघरी गणपती बसवतात. इंग्रजीत यातल्या हाडाला, खड्याला आणि गाण्याच्या शब्दांना 'सेट'च म्हणतात. आपल्याकडे एक तयार क्रियापद होतं आणि आपण ते सोडून 'सेट करा' लिहितोय. मी तर म्हणते शब्दयादीत 'सेट : बसवा' असंच घालायला सांगावं.

वरणफळ

ताई, थांबा. ओव्हनच्या पुस्तिकेत 'केक बसवा' लिहू नका. केक बसला म्हणजे काय होतं ते आम्हाला विचारा.

थर्ड_अंपायर

😂 तसंच 'धंद्याचा जम बसला' आणि 'धंदा बसला'. एक शब्द काढला की माणूस रस्त्यावर.

गवंडीकाम_चालू

आमच्याकडे पाया बसवला जात नाही आणि बसला तर आम्ही पळतो.

दात_कोरणं

आवाज बसतो, धक्का बसतो, विश्वास बसत नाही. एकाच क्रियापदाला सगळीकडे जुंपायचं तर त्या शब्दयादीवाल्या बाईंनी काय वेगळं केलं होतं?

मोरपंखी_पान

मान्य. मागे घेते. माझंच शस्त्र माझ्यावर.

डेट्रॉइटची_माई

उशिरा आले, इथे आत्ता सकाळ. आमच्या घरी रोज संध्याकाळी नातीला हाक जाते, "टेबल सेट कर गं." मीच मारते ती हाक. माझी आई म्हणायची, "पानं घे." पाट मांडायचे, पाणी ठेवायचं, ताटं-वाट्या, डाव्या हाताला मीठ-लिंबू. पानं घ्यायला सांगितलं की त्यात वाढणंही आलं. टेबल सेट करण्यात काटे-चमचे मांडणं येतं, वाढणं येत नाही. काम वेगळं म्हणून शब्द वेगळा आला असेल तर त्याला मी नावं ठेवत नाही. इथे पाट आहेत कुठे?

पण परवा पाहुणे होते आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "पानं घ्या." नात झाडाची पानं आणायला मागच्या अंगणात गेली. मेपलची चार चांगली मोठी घेऊन आली, धुऊन.

खिळेजुळारी

माई, जेवलात की नाही त्यावर?

डेट्रॉइटची_माई

फळं मांडली काका. नातीला वाईट वाटलं असतं.

शं_का

मराठीचा खरा पहिलवान 'बसवणे' नाही, 'लागणे' आणि त्याचं प्रयोजक 'लावणे' हे आहेत. पान ताईंच्या यादीत 'वेळ लावा' आलंच आहे. गजर लावतो, कुकर लावतो, रेडिओ लावतो, सापळा लावतो, विरजण लावतो. इंग्रजीत यातल्या बहुतेकांना 'सेट' चालेल. आणि लागण्याला तर अंत नाही : भूक, ठेच, डोळा, निकाल, छडा, दृष्ट, नोकरी, वेड, वाट. नातंही लागतं, 'तो माझा मामा लागतो'. मोल्सवर्थ या इंग्रजाच्या मराठी-इंग्रजी कोशात (दुसरी आवृत्ती १८५७) 'लागणे' जरूर काढून बघा. परक्या माणसाने ते सगळे अर्थ कसे पकडले असतील याचं नवल वाटतं.

दात_कोरणं

'गाडी लागली' घ्या. स्टँडवर म्हटलं तर एसटी फलाटावर आली. घाटात म्हटलं तर कुणीतरी खिडकी उघडा. रस्त्यात ओरडून म्हटलं तर माणूस जखमी. तीन वाक्यांत एका अक्षराचा फरक नाही.

नऊवारी_नेट

दोन महिने फक्त वाचत होते, आज राहवलं नाही. मी 'सेट' आहे. म्हणजे महाराष्ट्र आणि गोव्यासाठी पुणे विद्यापीठ घेतं ती प्राध्यापक पदाच्या पात्रतेची परीक्षा. चार प्रयत्नांत झाले. घरच्यांनी स्थळांच्या माहितीत 'एम. ए., सेट' लिहिलं. मुलाकडच्या एका काकूंनी आईला विचारलं, "म्हणजे कुठे सेट आहे? पुण्यात का?" आईने सांगितलं, परीक्षा झाली, नोकरी लागायची आहे. "मग सेट कुठे झाली?" काकूंचं म्हणणं चुकीचं नव्हतं.

शं_का

आणि त्या काकूंचा सेट म्हणजे 'सेटल्ड'चा तुकडा. पण 'सेटल'ही त्याच बसण्याच्या कुळातला बरं का, जुन्या इंग्रजीत बैठकीला जो शब्द होता त्यावरून.

सांगोल्याचा_गडी

ताई, तासावर का हुईना, शिकवायला लागलाय का?

नऊवारी_नेट

हो दादा, तासिका तत्त्वावर. शिवाय नववीच्या मुलांची गणिताची शिकवणी घेते. पुस्तकात पहिलाच धडा 'संच'. मराठी माध्यमाची मुलं 'रिक्त संच' बिनचूक सांगतात आणि टीव्हीला मात्र कुणी 'संच' म्हणत नाही. फक्त दुरुस्तीच्या दुकानांच्या जुन्या पाट्यांवर 'दूरदर्शन संच' उरलाय.

मोरपंखी_पान

उत्तर पाठवलं. भांडण न करता. लिहिलं की पुस्तिकेत 'सेट' अकरा ठिकाणी आहे पण कामं सहा आहेत : ठेवणे, लावणे, बसवणे, घट्ट होणे, सुरू होणे आणि संच. शब्दयादीत या सहा ओळी करा, प्रत्येकीसमोर एकच प्रतिशब्द. म्हणजे तुमचा नियमही पाळला गेला आणि कस्टर्डही वाचलं.

बाईंचा फोन आला. गोड होत्या बोलायला. म्हणाल्या, पटलं, पाच घेते. 'वेळ लावा' मात्र नको, कारण ओव्हनच्या बटणावर इंग्रजीत 'सेट' छापलंय आणि गिऱ्हाईक तोच शब्द शोधणार. यावर मला काही बोलता आलं नाही. तर 'वेळ सेट करा' राहिलं.

आता त्याच कंपनीच्या कुकरची पुस्तिका आलीय. त्यात 'रन' सत्तावीस वेळा आहे. शं_का, तुम्ही आहात ना?

शं_का

आहे, पण रात्री लिहितो. आत्ता स्टँडवर आहे, गाडी लागली.

दात_कोरणं

कुठली?